लाटेला रकाना नव्हता

आमच्या भागात 'लाट' हा शब्द तीनच प्रसंगी वापरला जातो. पौषात थंडीची येते, वैशाखात उन्हाची येते आणि निवडणुकीत कोणाची तरी असते. या लाटांनी माणसे मरत नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांपैकी एकही लाट उभ्या माणसाला उचलून नेत नाही. म्हणून भाच्याच्या मृत्यूची नोंद व्हावी यासाठी केलेला अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिलेले 'समुद्राची लाट' हे शब्द तेथील कारकुनाने वाचले, तेव्हा त्याने चष्मा कपाळावर चढवून विचारले,

"मास्तर, लाट म्हंजे कोणती? उन्हाची का थंडीची?"

मी त्याला नको नको ते बोललो. वस्तुतः तो थट्टा करत नव्हता. त्याच्यापुढे एक छापील यादी होती. तीत पूर होता, वीज होती, गारपीट होती, भूकंप होता. समुद्र नव्हता. हिंगोली जिल्ह्याच्या कोणत्याही टेकडीवर चढून पाहिले तरी समुद्र दिसत नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु आमचा माणूस समुद्रापर्यंत जाऊ शकतो आणि तेथे मरू शकतो, एवढी शक्यता यादी करणाऱ्याने गृहीत धरायला हवी होती, असे माझे तेव्हा म्हणणे होते आणि आजही आहे.

मी वकील नाही. कळमनुरीच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. शासनाला पत्रे लिहिणे हा माझा धर्म, आणि पत्राला उत्तर न देणे हा शासनाचा. माझी थोरली बहीण, आमची आक्का, दोन गल्ल्या पलीकडे राहत असे. ती ऐन तारुण्यात विधवा झाली होती आणि तिला एकच मुलगा होता.

तो बोअरच्या गाडीवर कामाला होता. विहिरी खोल गेल्या की दक्षिणेकडून बोअर पाडणाऱ्या गाड्या आमच्याकडे येतात आणि वारंगा फाट्यावर रांगेने उभ्या राहतात. गाडीवरच्या माणसांना इथली भाषा येत नाही, वाटा ठाऊक नसतात. म्हणून त्यांना एक गावचा माणूस लागतो. शिवारात पुढे जाऊन गिऱ्हाईक पाहणारा, बांधावरून गाडी नेऊ द्या म्हणून शेजाऱ्याच्या हातापाया पडणारा. भाचा हे काम करी. पुसेगावपासून वारंग्यापर्यंत त्याला ओळखत नाही असे गाव नव्हते. त्याला त्या लोकांची भाषाही थोडी येऊ लागली होती, घरी जेवताना तो भाताला त्यांच्या शब्दाने हाक मारी आणि आक्का म्हणे, "भाताला भात म्हण, न्हाईतर उपाशी ऱ्हा."

त्या हिवाळ्यात गाडीच्या चालकाच्या बहिणीचे लग्न निघाले. चालकाचे गाव समुद्राच्या काठावर, तमिळनाडूत. त्याने आग्रह केला आणि भाचा गेला. भाच्याच्या स्वतःच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बायको म्हणाली, मलाही ने. तो म्हणाला, पुढच्या खेपेला.

लग्नाच्या रात्री त्याचा फोन आला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. बसस्थानकासमोर कापडाचे दुकान आणि त्यातच एसटीडी बूथ चालवणारे एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. सारी गल्ली त्यांना चाचा म्हणे. चाचांनी निरोप धाडून आक्काला आणि सुनेला बोलावून घेतले. मी तिथे आधीच बसलेलो होतो. भाचा इतक्या मोठ्याने ओरडत होता की रिसीव्हर आक्काच्या कानाला असूनही आम्हा सर्वांना ऐकू येत होते.

"आई, समुद्र लई मोठा हाय! ईसापूरच्या धरणासारखाच, पण पल्याड काठच न्हाई!"

"मग जाऊ नको तिकडं."

"काहून?"

"काहून म्हंजे? पल्याड काठ न्हाई म्हणतोस ना?"

चाचा हसून म्हणाले, "बराबर बोल्या आक्काने." मग रिसीव्हर सुनेकडे आला. समोर सासू, बाजूला मामेसासरा, गल्ल्यावर चाचा. ती बिचारी काय बोलणार? तिकडून तो बोलत राहिला आणि ती फक्त "हं" म्हणत राहिली. नवऱ्याशी शेवटचे काय बोललात, असे पुढे न्यायालयात तिला विचारले गेले तेव्हा तिने हेच सांगितले, आणि लघुलेखकाने मान वर करून विचारले, "हे लिहायचं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांच्या शेजारच्या दुकानातल्या टीव्हीपुढे गर्दी जमली. पडद्यावर पाण्यातून घरे, मोटारी, नावा एकाच वेगाने वाहत चालल्या होत्या. 'त्सुनामी' हा शब्द कळमनुरीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. चाचांनी मला विचारले, "मास्तर, इसमें 'त' बोलना कि नई बोलना?" मी शिक्षकी आवाजात उत्तरही दिले. भाचा तिथे आहे, हे आम्हा दोघांच्याही तोवर ध्यानात आले नव्हते. लोकांची प्रतिक्रिया भीतीची नव्हती, अविश्वासाची होती. "पाऊस न्हाई, आभाळ साफ, आन् पूर कुठून आला?" असे एकजण म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या जिल्ह्यात अधूनमधून जमिनीखालून गुरगुर ऐकू येते, भांडी वाजतात. आम्ही अंगणात येतो, थोडा वेळ उभे राहतो आणि परत आत जाऊन चहा टाकतो. आम्हाला भ्यायचे असेल तर जमिनीला भितो. पाण्याशी आमचे नाते आशेचे आहे. पाणी मारते, हे आमच्या डोक्यात सहजी शिरत नाही.

भाच्याचा फोन पुन्हा आला नाही. आम्ही त्याच्या फोनची वाट पाहत राहिलो आणि मी पत्रे लिहीत राहिलो. उन्हे तापू लागली तेव्हा तो चालक स्वतः आमच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याचे केस काढलेले, हातात भाच्याची कापडी पिशवी. त्याची बहीण, लग्नातली नवरी, तीही गेली होती. तरी तो आधी आमच्याकडे आला, ही गोष्ट मी कधी विसरलो नाही.

तो मोडक्या हिंदीत सांगू लागला. सकाळी सगळे वऱ्हाड किनाऱ्यावर गेले होते. त्याला विड्याची पाने आणायला पाठवले होते म्हणून तो वरच्या रस्त्यावर होता. एकाएकी समुद्र मागे सरकला. ओहोटीत सरकतो तसा नव्हे. कोणी जमिनीवर अंथरलेले पटकूर ओढून घ्यावे तसा. तळ उघडा पडला, काळा चिखल, खडक, आणि त्यावर तडफडणारी मासळी. लोक आधी उभे राहिले. मग पोरे धावली, बायका धावल्या.

"तुम्हारा लडका सबसे आगे, साब," चालक म्हणाला. "लुंगी ऊपर बांधा, हंसता था. बोला, तळं आटलं, तळं आटलं! मेरेको नीचे से हाथ किया, थैला लेके आ."

तो बाकीच्यांच्या पुढे का धावला, हे मला ऐकताक्षणी कळले. मार्च-एप्रिलात गावतळे आटू लागले की आमच्याकडे सारा गाव टोपल्या, धोतरे, फाटक्या साड्या घेऊन चिखलात उतरतो. त्या दिवशी मासे कोणाच्याही मालकीचे नसतात. भाचा लहानपणापासून त्यात सर्वांत पुढे असे. पाणी हटले की मासे आपले, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. आणि गेलेले पाणी परत येते, हे आम्हाला कोणी शिकवलेले नाही. आमच्याकडे गेलेले पाणी येत नाही. पुढचा पावसाळा आणील तेव्हा आणील. जिने आमच्या पिढ्या जगवल्या तीच समजूत घेऊन तो समुद्राच्या तळावर उतरला.

चालकाने पुढचे सांगितले तेव्हा त्याचा आवाज सपाट झाला होता. आधी आवाज आला. चार-पाच बोअरच्या गाड्यांचे कंप्रेसर एकदम सुरू व्हावेत तसा. लाट चित्रातल्यासारखी वळलेली, फेसाळ नव्हती. एक काळी भिंत होती आणि तिच्यामागे सपाट पाणीच पाणी. ते संपतच नव्हते. त्यात नावा होत्या, माडाचे बुंधे होते, छपराचे पत्रे होते. जो बुडाला नाही त्याला त्यांनी मारले. पाणी रस्त्यावर चढले, घरांत शिरले आणि परत जाताना जे उरले होते तेही घेऊन गेले. तो एका गच्चीवर चढला होता. नंतर कितीतरी दिवस तो इस्पितळे, शाळा, जिथे जिथे मृतदेह ओळीने ठेवले होते तिथे तिथे बहिणीला आणि आमच्या मुलाला शोधत हिंडला.

"मरते हुए देखा?" मी विचारले. माझ्यातला नागरिकशास्त्राचा मास्तर तेव्हाही जागा होता.

"पानी देखा, साब. उसको नहीं देखा."

आक्का चुलीजवळून उठली. "मग झालं तर," ती म्हणाली. "ह्यानं पाणी पाह्यलं, माझ्या लेकराला न्हाई पाह्यलं. बस बाबा, जेवून घे. लई तकलीफ झाली तुला."

सुनेने दाराआडून एकच प्रश्न केला, "एकलेच गेल्ते का आत?"

"नहीं बहन. पूरा गाँव गया था."

तिने मान हलवली आणि ती आत गेली. त्या घडीपासून एकाच घरात दोन निर्णय झाले होते. आईच्या मते मुलगा कुठेतरी होता. बायकोच्या मते नवरा त्या सकाळी, हसत, माणसांच्या घोळक्यात गेला होता.

गावाने तिसराच निर्णय दिला. आभाळ साफ असताना पुरात माणूस वाहून जातो, ही गोष्ट लोकांना पचेना. त्यापेक्षा तो पळून गेला, ही सोपी होती. आठवडी बाजारात एका बाईने भाजीच्या ढिगावरून आक्काला विचारले, "काय वं, तिकडं झालेला नातू इडली खाऊन राहिला म्हणं?" आक्काने तिच्याकडून वांगी घेतली नाहीत, एवढेच. सून मात्र त्यानंतर बाजारात जाईनाशी झाली.

मी चालकाचे शपथपत्र करून घेतले. कार्यालयाने ते परत केले, कारण त्यात मृत्यू पाहिल्याचे कथन नव्हते. खोटे लिहिले असते तर चालले असते. पोलीस म्हणाले, जिथे हरवला तिथे तक्रार द्या. तिथल्या एका कार्यालयाला मी इंग्रजीत पत्रे लिहिली. दीर्घ काळाने उत्तर आले, ते त्यांच्या लिपीत. कळमनुरीत ते वाचणारा कोणी नव्हता. मी बसने वारंगा फाट्यावर गेलो आणि उभ्या गाड्यांपैकी एका गाडीच्या सावलीत जेवत बसलेल्या माणसाला ते दाखवले. त्याने हात धुतले, आदराने कागद घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "लिखा है, आपका कागज मिला. आगे कारवाई के लिए आपके जिले को भेज दिया." म्हणजे तो कागद त्याच चष्मेवाल्या कारकुनाच्या टेबलावर परत येऊन पडला होता. चाचा म्हणाले, "मास्तर, दर्या में जो गया वो वापस नई आया, मगर तुमारा कागद आ गया." मी चिडून आठवडाभर त्यांच्या दुकानात गेलो नाही.

याच सुमारास गावात अंगणवाडी मदतनीसाची जागा निघाली. सून दहावी झालेली. विधवेला आणि परित्यक्तेला प्राधान्य होते. विधवा म्हणायचे तर मृत्यूचा दाखला हवा. जवळच्याच एका माहीतगाराने सुचवले, "परित्यक्ता लिवा ना. नवऱ्यानं सोडली म्हणायचं, काम होतं." हा मार्ग तिला सांगणे मला भागच होते, म्हणून मी तसा अर्ज तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला आणि मला परत दिला.

"मामा, त्यांनी मला टाकलं न्हाई."

"हा नुसता शब्द आहे, बाई."

"मग दुसरा आणा."

तिला हवे होते ते एवढेच: टाकलेली नव्हे, तर मेलेल्या माणसाची बायको, असे कुठेतरी सरकारी शाईने लिहिलेले. ती जागा दुसरीला गेली. दुसरा शब्द आणायला कायद्याने मला सात वर्षे थांबवले. ज्यांना एखाद्याची खबर स्वाभाविकपणे लागली असती त्यांना सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. त्या कायद्याचे नाव आता बदलले आहे, कलमाचा क्रमांकही बदलला आहे. वाक्य तेच आहे. मी ते पाठ केले होते. त्यातले 'ज्यांना स्वाभाविकपणे' म्हणजे आक्का, हे मात्र दावा दाखल झाल्यावरच माझ्या अंगावर आले.

सुनेने दावा केला आणि आईची साक्ष आवश्यक ठरली. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मी आक्काला म्हणालो, विचारतील त्याचे खरे उत्तर दे. ती म्हणाली, "खरंच सांगायचं ना? मग तू काहून घाबरून राहिलास?" खरोखर मला भीती वाटत होती. तो स्वप्नात येतो, हाक मारतो, असे ती रोज सांगे. तेवढे ती बोलली असती तर दावा तिथेच संपला असता.

न्यायालयात वकिलांनी विचारले, "सात वर्षांत मुलाची काही खबर लागली का?"

आक्काने सुनेकडे पाहिले. सून खाली बघत होती.

"न्हाई," आक्का म्हणाली. "काही खबर न्हाई." आणि थोडे थांबून म्हणाली, "पण मी कान देऊन हाय."

पहिले वाक्य टंकलिखित झाले. दुसरे झाले नाही. तेही लिहून घ्या, असे सांगायला मी मागच्या बाकावरून उठून उभा राहिलो, तेव्हा शिपायाने मला खांदा धरून बसवले.

दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. भाचा मृत असल्याचे अनुमान न्यायालयाने मान्य केले. परंतु निकालपत्राचे शेवटचे पान मी पुन्हा पुन्हा वाचले. अनुमान मृत्यूचे असते, मृत्यूच्या वेळेचे नसते. वेळ ज्याला सांगायची असेल त्याने ती वेगळ्या पुराव्याने सिद्ध करायची असते. आमच्याकडे पाणी पाहिलेला एक माणूस होता आणि त्याचा तोवर ठावठिकाणा राहिला नव्हता. सबब दावा दाखल झाला तीच तारीख मृत्यूची तारीख धरली गेली. पुढे मिळालेल्या दाखल्यावर लाट नव्हती, समुद्र नव्हता, ती सकाळ नव्हती. सात वर्षे उलटल्यानंतरचा एक साधा दिवस होता, ज्या दिवशी मी स्वतः वकिलांबरोबर न्यायालयाच्या खिडकीशी उभा होतो. कायद्याच्या दृष्टीने भाचा तोवर जिवंत होता आणि घरी आला नव्हता. गाव जे म्हणत होते तेच न्यायालयाने अदबीच्या भाषेत म्हटले होते.

मी त्याच दिवशी अपिलाचा मसुदा लिहायला घेतला. आक्का ओसरीवर बसून ऐकत होती. मी चिडून सुनेला समजावून सांगत होतो.

"म्हंजे, भाऊ," आक्का मधेच म्हणाली, "तवर तो जित्ता होता?"

"कायद्यानं, आक्का. नुसतं कायद्यानं."

"तूच म्हणतोस ना, कायदा लिहून ठेवतो ते उगंच न्हाई." तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. "सात वर्सं. व्हय का गं? पाण्यातून निघाला असंल. कुठं कामाला लागला असंल. मग काई आजार झाला असंल." ती उठली, पदर सारखा केला आणि शेजारणीच्या दाराकडे गेली. कोर्टाने लिहिले आहे, असे ती मोठ्याने सांगत असलेले आम्हा दोघांना आत ऐकू येत होते.

शेजारीण काय समजली असेल, ते सून जाणून होती. मीही जाणून होतो.

"मामा," सून म्हणाली, "अपील करू नका."

"अगं, आता ते तुला काय म्हणतील कळतंय का? सात वर्षं जिवंत होता आणि तुझ्याकडे आला नाही, असं होतं हे."

"कळतंय."

"मग?"

"आत्याबाईला ऱ्हाऊ द्या ती सात वर्सं. त्यांच्याकडं दुसरं काय हाय?"

मी तिच्याशी खूप वाद घातला. निकालातील चूक कोणत्या कलमाने दुरुस्त होईल, कोणते दाखले जोडावे लागतील, सारे सांगितले. आयुष्यभर मी मुदत चुकवलेल्या माणसांवर संताप केला होता. मसुदा पूर्ण करून मी टेबलावर ठेवला. मुदत संपत आली, तरी मी तो उचलला नाही. वादी ती होती. तिच्या सहीशिवाय अपील नव्हते, आणि तिने सही केली नाही.

पुढे पुन्हा जागा निघाली आणि तिला मुलाखतीला बोलावले. मी सोबत गेलो. टेबलापलीकडच्या बाई सभ्य होत्या. त्यांनी लग्नाचे वर्ष पाहिले, दाखला पाहिला, शिधापत्रिकेवर सासू-सुनेचीच नावे पाहिली, फोटोतल्या दोघांच्या वयांचा अंदाज घेतला, आणि काही मनात न आणता विचारले,

"आजारी होते का?"

"न्हाई."

"मग एवढी वर्षं तुम्ही एकट्याच कशा? ते कुठे होते?"

माझ्या पिशवीत चालकाचे शपथपत्र होते. त्या मुलाने लुंगी वर बांधून, हसत, सर्वांच्या पुढे जाऊन आपल्या माणसांसाठी मासे धरायला हात घातला होता. हे त्या खोलीत एका वाक्यात सांगणारा मी एकटा होतो. मी घसा साफ केला. सुनेने माझ्याकडे न पाहता टेबलाखाली तळहात आडवा केला.

"कामाला होते," ती म्हणाली. "बोअरच्या गाडीवर. लांब."

बाईंनी ते लिहून घेतले.